घसरलेला सूर

समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. वरच्या खोलीतून दर गुरुवारी घूं... घूं... आवाज यायचा अन् पेशंट माझ्यावर डोळे वटारायचे. एका गुरुवारी भांडायलाच वर गेले — भांडण राहिलं बाजूला.

दार यशदीपनं उघडलं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, गुरुवारी सुट्टी, घरात दुसरं माणूस नाही. टेबलभर बटणांच्या डब्या, त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. सुट्या डब्यांचा सिंथेसायझर आहे म्हणाला, मीच जोडतो.

मीही एकटीच. आई गेल्यापासून एका माणसापुरता कुकर लावणं जिवावर यायचं. भिंतींशी किती बोलणार? दवाखाना बंद झाला की वर जायला लागले. त्यानं शिकवलं — दोन आवाज मिक्सरमध्ये एकत्र करताना दोघांनाही जरा कमी करायचं, नाहीतर फाटतात. अन् सूर ठरवणारी वीज दोन डब्यांना वाटायची तर साधी दुतोंडी वायर चालत नाही, सूर खाली येतो. त्याला वेगळी डबी लागते. केसाएवढा घसरला तरी हा स्वयंपाकघरातून ओरडायचा. मेल्याचे कान म्हणजे!

मग गावी राहणाऱ्या दादानं नागपूरचं स्थळ आणलं. रविवारी पाहायला येणार होते. मी यशदीपला सांगितलं — त्यानं नको म्हणावं म्हणून. नाहीतर काहून सांगितलं असतं?

"हव... चांगलंच आहे," म्हणाला अन् चहा ठेवायला गेला.

मला रडूच येत होतं. हाताला काहीतरी हवं म्हणून वाजत्या डबीला दुसरी जोडली अन् सूर धाडकन खाली आला. घाईत मी दुतोंडी वायरच लावली होती. यशदीप चहा घेऊन आला, समोर बसला, माझा कप पुढे सरकवला.

"सूर घसरला," मी म्हटलं. "ऐकू नाही आला तुले?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. "तू रविवारचं बोलली ना... तेव्हापासून काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं. तर म्हणे मी शिफ्टवाला माणूस, तुझ्या घरचे काय म्हणतील. असा राग आला, अन् त्याच्या दुप्पट आनंद! त्याच्यासमोरच दादाला फोन लावला, नागपूरकरांना येऊ नका म्हणून सांग म्हटलं. दादानं कारण विचारलं. यशदीपनं उठून वाजती डबी बंद केली.

"दादा, मले इथं एक पोट्टा आवडते," मी म्हटलं. "घे, त्याच्याशीच बोल."