निळ्या ट्रॉलीचं अर्थिंग

आम्ही त्या रात्री निघणार होतो. सामानाची ट्रॉली दुपारीच भरून झाली होती आणि धाकट्या भावाने ती मागून आणलेल्या जीपला जोडलीही होती. बाळ झोपेत असताना प्रवास उरकून घ्यावा, ही कल्पना माझी. माझ्या कल्पना कागदावर फार छान दिसतात. यादीसुद्धा केली होती: औषधांची पिशवी, दुपटी, गरम पाण्याचा थर्मास, जास्तीची टोपी, तिच्याही जास्तीची टोपी. ट्रॉलीचे मागचे दिवे यादीत नव्हते.

ते बघायला मामा उठले. जेवणं आटोपून आम्ही अंगणात बसलो होतो. मामांनी तीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. गाडी समोर दिसली की त्यांना हात लावल्याशिवाय चैन पडत नाही.

"डावा इंडिकेटर दे," ते भावाला म्हणाले.

डावा दिवा मंद लुकलुकला. त्याच्या जोडीने उजवीकडचा लाल दिवाही लुकलुकायला लागला, ज्याचा इंडिकेटरशी काही संबंध नव्हता.

"बल्ब गेलाय. बदलतो वाटेत," भाऊ म्हणाला.

"बल्बला काही झालेलं नाही. ब्रेक दाब."

ब्रेक दाबला तर चारही दिवे अर्धेमुर्धे पेटले, विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे. मामा परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आज निघायचं नाही."

"एवढ्याशा दिव्यासाठी? मामा, रात्री रस्त्यावर कुत्रं नसतं."

"बस इथे, शहाण्या. ताई, तूही बस. पोर झोपलंय ना? मग आत जाऊन दर पाच मिनिटांनी त्याच्या नाकाखाली बोट धरू नकोस. टेस्टरचं काय झालं ते ऐका, आणि मग जायचं तर खुशाल जा."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणजे दिवसा ठेवत नाही. पण मामा बोलायला लागले तेव्हा मी खुर्ची थोडी भिंतीकडे सरकवली, एवढं खरं. पुढचं सगळं मामांच्याच तोंडचं आहे.

*

टेस्टरचं वर्कशॉप माझ्या दुकानाला लागून. वर पत्रा, खाली एक बाक, भिंतीवर तारांची भेंडोळी. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याचं खरं नाव लेकीच्या शाळेच्या दाखल्यावर तेवढं होतं; बाकी सगळ्यांना तो टेस्टर. खिशाला कायम तो टेस्टिंगचा दिवा लटकवलेला: एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सळी, मधे छोटासा बल्ब. करंट असेल तर पेटतो, नसेल तर नाही. माणूसही तसाच. आहे तर आहे, नाही तर नाही.

बायको लवकर गेली. घरात बापलेक दोघंच. लेक दवाखान्यात नर्स. रात्री सुटली की स्कूटर घेऊन वर्कशॉपपाशी यायची आणि मग दोघं बरोबर घरी जायची. ती पुढे, हा मोटरसायकलवर मागे. नऊ किलोमीटरचा रस्ता, कालव्याच्या कडेने. खांब आहेत, त्यांच्यावर दिवे नाहीत.

गेल्या डिसेंबरातली अठरा तारीख. गुरुवार. रात्री आठच्या सुमाराला एक रोपवाला आला. फुलझाडं, कुंड्या विकणारा. जीपमागे दोन चाकांची निळी ट्रॉली, त्याच आठवड्यात कोणाकडून तरी घेतलेली. तुमच्या ट्रॉलीचं आत्ता बघितलंत ना, तोच आजार. डावीकडचा दिवा लावला तर उजवीकडचा लुकलुकतो. दोनदा बल्ब बदलून झाले होते.

"बल्ब नाही, तुझं अर्थिंग गेलंय," टेस्टर म्हणाला. "करंट दिव्यात जातो, त्याला परत यायला वाट लागते की नाही? ती वाट तुटलीय. मग तो दुसऱ्याच्या घरातून परत येतो. म्हणून हा दिवा लावला की तो पेटतो."

जीपला जोडायचा प्लग उघडला तर आत हिरवा गंज. अर्थिंगची तार मुळापासून तुटलेली. टेस्टरने नवी तार ओढली. आता ती ट्रॉलीच्या सांगाड्याला बोल्टने आवळायची, डाव्या चाकामागे, खालून. पण सांगाड्यावर रंगाचा थर बोटभर.

"एवढा रंग कोणी फासला?" त्याने विचारलं.

"जुन्या मालकाने. मी म्हणालो, राहू दे, मी देतो रंग. तर म्हणाला, नाही, रंग देऊनच देतो."

ताई, इथे एक गोष्ट समजून घे. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या जागेचा रंग आधी खरवडून काढायचा, खाली धातू चकाकला पाहिजे. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. टेस्टरने पॉलिश पेपरचा तुकडा फाडला, घडी घातली, ट्रॉलीखाली सरकला. आणि फोन वाजला.

लेक. "बाबा, आज साडेनऊलाच सुटतेय. येऊ तिकडे?"

"नको, मला इथे आवरायला वेळ आहे. तू हो पुढे. सावकाश जा."

"तुम्ही सावकाश या. मी काय, तुमच्यासारखी म्हातारी नाही."

हसला. फोन खिशात ठेवला. आणि बोल्ट आवळला.

*

"रंग न खरवडता," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज आता जरा उतरला होता.

"न खरवडता," मामा म्हणाले. "आणि तरी दिवे लागले."

*

सगळे लागले. लाल, पिवळे, ब्रेकचे, लखलखीत. कारण बोल्ट आवळताना ट्रॉली हलली आणि जीपच्या हुकावर घट्ट बसली. लोखंडाला लोखंड टेकलेलं. करंट बोल्टातून नाही, हुकातून परत येत होता. उभ्या गाडीत हे कळत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की हुक उचलला जातो, आणि दिवे गुल. बसला की परत चालू. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते… दिसत नाही… दिसते.

नऊ वीसला रोपवाला गेला. टेस्टरने झाडलोट केली, हत्यारं पुसली. पावणेदहाला हात धुऊन रुमाल काढायला खिशात हात घातला तर हाताला पॉलिश पेपर लागला. घडी तशीच. दिव्याखाली धरून बघितलं. निळा कणसुद्धा नाही.



पुढे ट्रॉली. तिच्यामागे दहा मिनिटांनी लेक. स्कूटरवर. नऊ किलोमीटर काळोख.

शटर अर्धं ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली. लेकीला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. तिचा फोन स्कूटरच्या डिकीत असतो, हे त्याला माहीत होतं. तरी लावत राहिला.

कालव्याचा रस्ता लागला. चंद्र नव्हता. थंडी अशी की डोळ्यांतून पाणी यायचं. तीन किलोमीटर गेला असेल. आणि पुढे, लांब, दोन लाल दिवे दिसले. एकाच उंचीवर. चार-साडेचार फुटांच्या अंतराने. स्कूटरला एक दिवा असतो. हे दोन. त्यानेच आत्ता दुरुस्त केलेले.

"देवा, टिकलंय रे," असं तो मोठ्याने म्हणाला. दिवे स्थिर होते, एकदाही विझले नव्हते. त्याने वेग वाढवला. दिवे तेवढेच लांब. आणखी वाढवला. तेवढेच.

मग त्याने गाडी बाजूला घेऊन रोपवाल्याला फोन लावला, थांब म्हणायला.

रोपवाल्याने लगेच उचलला. मागे टीव्हीचा आवाज.

"कुठे आहेस?" टेस्टरने विचारलं.

"घरी. जेवतोय. अहो, काय काम केलंत तुम्ही? दर खड्ड्याला दिवे जायचे. शेवटी ट्रॉली सोडून आलो."

"सोडून? कुठे?"

"दुसऱ्या मोरीच्या पुढे. चाकांना दगड लावलेत."

"कडेला ना?"

"कडेची माती भुसभुशीत आहे. अर्धी रस्त्यावरच आहे. सकाळी नेतो."

"आणि दिवे?"

"दिवे कुठले? प्लग काढून टाकलाय. जीप माझ्या दारात उभी आहे."

टेस्टरने मान वर केली.

दोन लाल दिवे. समोर. जळतायत.

त्या ट्रॉलीला बॅटरी नसते, लक्षात घ्या. करंट जीपमधून येतो. प्लग काढला की ती नुसती लोखंडी पेटी.

तो निघाला. हळू. आता दिवे जवळ यायला लागले. पहिली मोरी गेली. दुसरी गेली. मोटरसायकलच्या उजेडात आधी स्कूटर दिसली. उभी. मग लेक. स्कूटरच्या बाजूला, हेल्मेट डोक्यावर तसंच. तिच्यापुढे दहा पावलांवर ट्रॉली. अर्ध्या रस्त्यात.

"अगं…"

तिने मागे न बघता हात वर केला. "बाबा, गाडी बंद करा."

त्याने केली.

"ऐका."

आधी काही नाही. कालव्याचं पाणी. मग…

खर्र.

खर्र… खर्र.

ट्रॉलीच्या खालून.

"लाल दिवे बघून मी लांबूनच थांबले," ती कुजबुजली. "नाहीतर मी सरळ त्यात जात होते. मग हा आवाज. वाटलं, कोणीतरी सापडलंय खाली. हाक मारली. आवाज थांबला. मग… परत सुरू."

"वाकून बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

ती ट्रॉलीकडेच बघत राहिली.

"मग, बाळा?"

"कोणी नाही, बाबा."

खर्र… खर्र… खर्र.

टेस्टरला तो आवाज ओळखू आला. तीस वर्षं ऐकलेला. लोखंडावरचा रंग खरवडायचा आवाज. डाव्या चाकामागून. जिथे बोल्ट होता, तिथून.

लेक नको नको म्हणत होती. तो पुढे गेला. जीपला जोडायचा प्लग मातीत पडला होता. त्याने तो उचलला. बर्फासारखा गार. टेस्टिंगच्या दिव्याचा चिमटा हुकाला लावला, सळी एकेका पिनेला टेकवली. पहिली. दुसरी. सातही. कशातच करंट नाही.

आणि मागचे दिवे लखलखीत.

तो गुडघ्यांवर बसला. आवाज आता त्याच्या तोंडासमोर. हातभर. दिसत काही नाही. काळोख, चाक, आणि… कोणीतरी घाईघाईने, जीव लावून खरवडतंय. थकलंय. पण थांबत नाही.

"माझी चूक आहे," टेस्टर म्हणाला. "खरवडायचं राहिलं. माझ्या हातून राहिलं."

आवाज थांबला.

"मी उद्या करतो. नीट करतो. पोरीला… पोरीला जाऊ दे माझ्या."

काही नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही.

मग दिवे विझले. एकदम नाही. आधी डावा. मग, थोड्या वेळाने, उजवा.

*

मामा पाणी प्यायले. मला आत जाऊन बाळाला बघायचं होतं आणि खुर्चीवरून उठायचं नव्हतं. भाऊ जमिनीकडे बघत होता.

"मग ते पळाले?" मी विचारलं.

"पळाले कसले," मामा म्हणाले. "रस्त्यात अर्धी ट्रॉली, दिवा नाही. टेस्टर तिला सोडून जाईल? मोटरसायकल मागे आडवी लावली, हेडलाइट चालू ठेवला. पोरगी पन्नास पावलं मागे मोबाइलचा उजेड धरून उभी. सव्वाअकराला एक ट्रक आला, भरधाव. तिला बघून त्याने ब्रेक मारला. ट्रॉलीला घासून गेला. त्या वेळी तिथे उजेड नसता तर… जाऊ दे. सकाळी सहापर्यंत दोघं उभी होती."

"आणि सकाळी?"

"सकाळी फटफटल्यावर टेस्टर खाली सरकला. मला त्याने नंतर नेऊन दाखवलं, म्हणून सांगतो."

मामांनी आवाज खाली आणला.

"बोल्ट त्याने आवळला होता तसाच. घट्ट. पण त्याच्याभोवतीचा निळा रंग पूर्ण निघालेला. खाली धातू, चांदीसारखा. आणि त्याच्यावर ओरखडे. चार-चार, शेजारी शेजारी. नखांचे. टेस्टरने त्यांच्यावर आपली बोटं ठेवून बघितली, बसली नाहीत. लेकीची ठेवून बघितली."

"बसली?" भाऊ म्हणाला.

"तिचीही नाही," मामा म्हणाले. "फार जवळजवळ होते. लहान पोराच्या बोटांइतके."