दुसऱ्या पृथ्वीवरचा वीजवीर

"आठवं पान गायब!" ऋतिका ओरडली.

अंगणात सात पानं खड्यांखाली वाळत होती. आठव्याचा नुसता खडा उरला होता.

"खडा तेवढा ठेवून गेला. प्रामाणिक चोर दिसतोय!" ऋषी म्हणाला.

"दात काढू नकोस! दुपारी एस.टी. येते!"

शिनोलीत उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती आणि तिकडे कारगिलच्या डोंगरांवर लढाई चालू होती. ऋतिकाचा मोठा भाऊ समर्थ तिथेच होता. शेजारच्या हर्षालीचा सयाजीमामा त्याच्याच तुकडीतला. रजा अर्धवट सोडून तो आज परत निघाला होता. त्याच्याबरोबर समर्थला पाठवायला ऋतिका, हर्षाली आणि चुलतभाऊ ऋषी यांनी आठ पानांची एक चित्रकथा तयार केली होती.

नायक समर्थ लहानपणी वाचायचा त्या पुस्तकातलाच वीजवीर. पण दुसऱ्या पृथ्वीवरचा! तिथला सूर्य मंद, म्हणून याच्या तळहातातून वीज निघत नाही, याला उडताही येत नाही. युद्ध पेटलेलं असताना तो टेलिफोनच्या तारेचं रीळ पाठीवर घेऊन बर्फाचा कडा पायी चढतो. खांद्यावर रेशमी झग्याऐवजी चक्क घोंगडी! सातव्या पानाच्या शेवटी त्याचा पाय घसरतो.

"म्हणजे दादाला मिळणार लटकलेला वीजवीर," ऋतिका म्हणाली. "तिथं बसून त्यानं काय समजायचं? पडला म्हणून?"

"हे शत्रूच्या हेराचं काम आहे!" हर्षाली कुजबुजली.

"शिनोलीत हेर? भीमाशंकरला निघाला असेल बिचारा, वाट चुकला!" ऋषी म्हणाला.

वारा कुठे वाहतोय ते बघायला ऋतिकाने चिमूटभर माती उचलून वर सोडली. माती गजराबाईंच्या अंगणाकडे उडाली. तिघं तिकडे धावली. पानं ताठ राहावीत म्हणून त्यांना मागून लावलेली चिंचोक्याची चिकट खळही गजराबाईंकडूनच आणली होती. त्या घोंगड्या विणत.

"पान न्हाई बघितलं गं," गजराबाई म्हणाल्या. "पर माजी घोंगडी कुठंय? आत्ताच खळ लावून दांडीवर टाकली व्हती. लई वली व्हती!"

ऋतिका थबकली. ओली खळ, आणि वाऱ्यावर उडालेला कागद.

"चिकटलं असणार! पण घोंगडी नेली कुणी?"

"गेणभाऊ!" हर्षाली म्हणाली. "जवानांसाठी घोंगड्या गोळा करतायत ना ते!"

चावडीसमोर गेणभाऊ दोन शिवलेल्या गठ्ठ्यांवर बसून चहा पीत होते.

"गठ्ठा उसवा? पोरखेळ हाय का!" ते गरजले. "सहा-सहा घोंगड्या, सगळ्या सारख्या, सगळ्या कोरड्या. डोळं झाकून सांगतो!"

"डोळं झाकूनच भरल्या असतील," ऋषी पुटपुटला.

ऋतिकाचं लक्ष शेजारच्या कांद्याच्या तराजूकडे गेलं. "सगळ्या सारख्या म्हणता ना? मग तोलून बघू!"

एव्हाना सयाजीमामा आणि ऋतिकाची आई साळुबाई तिथे आले होते. मामाने हसत दोन पारड्यांत दोन गठ्ठे ठेवले. डावं पारडं धप्पकन खाली गेलं!

"म... मग त्यात सात असतील," गेणभाऊ म्हणाले.

"सात असतील तर मोजणी चुकली," ऋतिका शांतपणे म्हणाली. "सहाच असतील तर एखादी ओली आहे. काहीही असलं तरी उसवायलाच हवं!"

"सापडला की राव गेणभाऊ!" मामा खदखदून हसला.

शिवण उसवली. घोंगड्या सहाच निघाल्या. मधली चिंब होती आणि तिच्यावर आठवं पान घट्ट चिकटलं होतं. चित्रात कड्यावरून एक हात खाली आला होता आणि त्याने वीजवीराच्या घोंगडीचं टोक पकडलं होतं.

"ही तशीच गेली असती तर पोचेपर्यंत सगळा गठ्ठा कुबट झाला असता," मामा गंभीर झाला. "पोरांनो, उपकार झाले!"

"चुकलं माझं," गेणभाऊंनी कान पकडले.

ऋतिकाने पानाचा कोपरा हळूच ओढून पाहिला. कागद फाटू लागला.

"राहू दे," मामा म्हणाला. बाकीच्या घोंगड्या त्याने पुन्हा बांधल्या, सात पानं खिशात घातली आणि ओली घोंगडी खांद्यावर टाकली. "वाटेत वाळंल. समर्थला अशीच देतो."

एस.टी. आली. मामा पायरीवर चढला तेव्हा त्याच्या पाठीवर वीजवीर होता. साळुबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हाताने ऋतिकाला जवळ ओढलं.

पावसाळा सरता सरता समर्थ रजेवर घरी आला. खांद्यावर तीच घोंगडी!

"पोरांनो, तुमचे आभार कसे मानू?" तो म्हणाला. "ही पांघरली की तुकडीतले सगळे चित्र बघायला माझ्या पाठीमागंच बसायचे. नव्या माणसाला म्हणायचे, आधी पाठ वाच!"

पान पुसट झालं होतं. वरून आलेला तो हात मात्र अजून ओळखू येत होता.

गजराबाईंनी घोंगडी चाचपली. "लई मऊ पडली रं. आण, परत खळ लावती."

"नको आजी!" चौघं एकदम ओरडली.