शंभरीला तीन कमी

"एका पानात अकरा वेळा 'इतिहास'! कोण हे गाढव?"

मी हे मोठ्याने म्हणाले, तिथेच फसले. ताकायामाच्या बसथांब्यावर बर्फ भुरभुरत होता, हातात छापखान्यात आलेलं एक हस्तलिखित होतं आणि मला वाटलं होतं, थांब्यावर मी एकटीच आहे... तर मागून आवाज आला, "अकरा? मला वाटलं, नऊ असतील."

वळून पाहिलं. उंच, मफलर थेट कानांपर्यंत, हातात लोणच्याचा डबा. आणि असा काही हसला की माझी लाल पेन्सिलच हातातून पडली. त्यानेच ती उचलून दिली.

"मी ते गाढव. शुहेई मात्सुबे. तुमच्याच छापखान्यात निघालो होतो."

अगं बाई! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मात्सुबेंच्या लोणच्यांच्या दुकानाला वसंतात शंभर वर्षं होणार होती, आणि आमच्याकडे जुन्या दुकानाची शंभरी म्हटली की पुस्तक हवंच. मजकूर घरच्या मुलाने लिहायचा, छापखान्याने तो नीट करायचा. छापखान्यातली नीट करणारी म्हणजे मी, चिहो.

मग दर गुरुवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. दुकानामागच्या खोलीत, पिंपांच्या आंबूस वासात, पायांवर रजई ओढून आम्ही बसायचो. तो वाचायचा, मी अडवायचे.

"'दुकानाचा इतिहास' नको. वाटचाल म्हणा. चालतंय ना अजून दुकान?"

"बरं बाई, वाटचाल. आणि राजाची?"

"राजाची बखर. देवळाचं माहात्म्य, घराण्याची वंशावळ—"

"आणि हे पिंप? पणजोबांचं आहे हं."

"त्याची हकीकत सांगा. पिंपाला कसला इतिहास लावताय!"

"मग इतिहास ठेवायचा तरी कुणाला?"

"देशाला. तुमच्यासारखा एका पानात अकरा वेळा वाटत नाही सुटायचं!"

तो खो खो हसला. मग रजईच्या काठाशी चाळा करत हळूच म्हणाला, "आणि माणसाच्या बाबतीत, चिहोसान? म्हणजे... आधी कुणी होतं का, वगैरे?"

"त्याला पूर्वायुष्य म्हणतात," मी मान वर न करता म्हणाले. "आणि ते विचारण्याला भोचकपणा म्हणतात."

"होतं का पण?"

"होतं. इतिहासजमा झालं. तुमचं?"

"माझं वय सलगमं चिरण्यात गेलं हो!"

मी हसले खरी, पण कान तापले होते. गुरुवार आठवड्यातून एकदाच का येतो, असं मला वाटायला लागलं होतं. पुस्तक झालं की हे येणं-जाणं संपणार, हेही मनात टोचत होतंच.

आणि फेब्रुवारीत सनावळ्या तपासताना मला ते दिसलं.

आमच्याकडे सम्राट बदलला की साल पुन्हा एकपासून मोजतात. ज्या वर्षी बदल होतो, त्या वर्षाला जुनंही नाव असतं आणि नवंही. शुहेईच्या वडिलांनी एकेका राजवटीची वर्षं मांडून सरळ बेरीज केली होती — पहिल्या राजवटीचं शेवटचं एक, मग चौसष्ट, एकतीस आणि चार. झाले शंभर! पण मधे तीनदा सम्राट बदलले होते, म्हणजे तीन वर्षं दोनदा धरली गेली होती. दुकानाचं हे सत्त्याण्णवावं वर्ष होतं.

निमंत्रणं गेली होती. खोक्यांवर शंभरचा शिक्कासुद्धा बसला होता. मी तोंड उघडलं तर पुस्तक थांबणार, आणि माझे गुरुवारही. गप्प बसले तर... कुणाला कळणार होतं? दोन दिवस मला अन्न गोड लागेना. पण असलं पुस्तक त्याच्या हातात देऊन त्याच्या डोळ्यांत बघायचं कसं? ते मला जमलं नसतं.

गुरुवारी मी बापलेकांसमोर कागद ठेवला. मात्सुबेसान बोटांवर मोजत राहिले. तीनदा मोजलं. मग मान खाली घालून म्हणाले, "वडिलांना शब्द दिला होता, शंभरी मी करीन म्हणून." तेवढंच बोलले आणि पिंपांच्या खोलीत निघून गेले. शुहेई त्यांच्यामागे धावला. मला दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही. परतताना बसमध्ये मी नाक लाल होईपर्यंत रडले.

पुढचा गुरुवार कोरडाच गेला. शुक्रवारी दुपारी मान वर केली, तर छापखान्याच्या दारात शुहेई! मफलरवर बर्फ, धाप लागलेली.

"बाबांनी स्वतः पत्रं लिहिली," तो म्हणाला. "साठ घरांना. मोजण्यात माझी चूक झाली, तीन वर्षांनी या, म्हणून."

"फार रागावलेत का माझ्यावर?"

"चार दिवस धुमसत होते. काल जेवताना एकदम म्हणाले, 'माझ्या आजोबांच्या नावाने खोटी शंभरी झाली असती. त्या पोरीने लाज राखली. पुस्तक करायचं तर तिच्याकडूनच.'"

"मग... केव्हा?"

"तीन वर्षांनी."

माझा चेहरा पडलाच. तीन वर्षं! मी उगाच कागद सारखे करत राहिले. "चांगलंच झालं," म्हटलं, "सवडीने लिहा आता."

"चिहो."

नावापुढचं ते आदराचं 'सान' कुठेच नव्हतं. माझे हात थांबले.

"दुकान थांबेल तीन वर्षं," तो म्हणाला. "मी नाही थांबणार. तू आली नाहीस तर मला त्या खोलीत बसवत नाही गं..."

मागे सगळी यंत्रं धडधडत होती, मालक चष्म्यावरून बघत होते. बघेनात का! शाईने काळे झालेले माझे दोन्ही हात मी त्याच्या हातांत दिले.

"मला तरी कुठे थांबायचंय, वेड्या!"