पायकवचाची हद्द

चहा झाल्यावर भावजयीने शलाकाच्या मोडलेल्या पायावर पायकवच चढवलं. मांडीपासून घोट्यापर्यंतचा तो राखाडी मोजा कातडीला चिकटला आणि त्याच्या आतले कृत्रिम स्नायू आकसू लागले. ओलसर, कोमट. कुणाची तरी जीभ पायावरून फिरावी तसं.

"आईंचंच आहे. दोनदा धुतलंय," सुनीती म्हणाली. "नव्यासाठी नंबर लावायचा तर महिना जाईल, ताई. तोवर तुमचं हाड काय वाट बघत बसणारे?"

गेलेल्या माणसाची चप्पलसुद्धा त्यांच्याकडे कुणी पायात घालत नसे. आईच्या चपला तेराव्यालाच देऊन झाल्या होत्या. कवच मात्र यतीनने ठेवून घेतलं, आणि नडगी मोडून बहीण कोल्हापूरला त्याच्या फ्लॅटवर राहायला आली तेव्हा कपाटातून काढलं.

कवच होतं मात्र हुशार. पाऊल उचलायचं नुसतं मनात आलं की नसांमधली हालचाल टिपून ते सगळा भार स्वतः पेलायचं. मागची खोली, बाथरूम, स्वयंपाकघर, शलाका कुबडीशिवाय फिरली. हॉलमध्ये यतीनचे मित्र हसतखिदळत बसले होते. ती तिकडे निघाली.

हॉलच्या दाराशी पाय थिजला. मागे सहज पडत होता, पुढे काही केल्या पडेना.

"यतीन, हे बिघडलंय रे."

तो लगबगीने आला. "बिघडलं नाही, ताई. आत घातलेली हद्द काढून टाकायची राहिली. थांब, मोबाइल आणतो."

"कसली हद्द?"

"आईसाठी आखली होती. बाहेर गेली असती म्हणजे?"

"बाहेरचं दार त्या टोकाला आहे. हा हॉल आहे."

यतीन मोबाइल आणायला वळला. मागून सुनीतीच बोलली, "अहो, चार माणसं आली की आई त्यांच्यासमोर काहीबाही सांगायच्या. 'मला पोटभर वाढत नाहीत' म्हणे! आम्ही काही कोंडून नव्हतं ठेवलं. इथवर टीव्ही छान ऐकू येतो."

'मी आपली आतच बरी गं,' आई फोनवर म्हणायची. शलाकाला तो तिचा स्वभाव वाटत आला होता.

तोल सावरायला तिने चौकट धरली. हात चिकटला. पांढऱ्या रंगावर, कपाळ टेकेल एवढ्या उंचीवर, एक काळपट तेलकट डाग होता. आईच्या केसांना यायचा तोच ब्राह्मीच्या तेलाचा वास. तिला शिसारी आली ती तेलाची नव्हे. शेजारी भाऊ मोबाइलवर बोट फिरवत उभा होता, आणि त्याच्या अंगाला मंद अत्तराचा घमघमाट होता.

"झालं! ये आता," तो हसून म्हणाला.

पाय मोकळा झाला. आतून कुणीतरी "या ना ताई, बसा" म्हणालं. शलाका जागची हलली नाही. हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"ती इथं उभी असायची तेव्हा तू आतबाहेर कसा करायचास रे? तिला बाजूला सरकायला सांगायचास?"