कपाळावरचं घड्याळ

मटार सोलता सोलता अन्विता घैसासच्या मनात सलाइन-पंपाच्या सूचनेचं अडलेलं वाक्य जुळलं आणि कपाळावरची टिकली किंचित थरथरली. बिल सुरू झालं. समोर आई दाढदुखीचं सांगत होती. तिच्याकडे लक्ष गेलं तशी टिकली पुन्हा थरथरली. बिल थांबलं.

"माझ्या दाढेनं तुझं मीटर बंद पाडलं वाटतं," आई म्हणाली.

अन्विता मिरजेत घरी बसून एका कंपनीसाठी वैद्यकीय यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. घरून काम करणाऱ्यांच्या तासांवरून भांडणं फार झाली, तेव्हा हे चित्तघड्याळ आलं. टिकली कपाळात मंद तांबडा प्रकाश सोडायची, कडेच्या त्वचेतून परतणारा प्रकाश वाचायची आणि मन किती बुडालंय ते ओळखायची. कशात बुडालंय, ते तिला कळत नसे. शेवटची उघडलेली फाइल ज्याची, त्याच्या बिलात ती वेळ जायची.

त्यातूनच घोळ झाला. दत्तमंदिरात तिचे मामा, वामनबुवा आठल्ये, यांचं कीर्तन होतं आणि पेटीची साथ तिची. पूर्वरंग संपून बुवांना हार घालत होते, तेवढ्यात तिनं पेटीआड कंपनीची फाइल उघडून एका निरोपाला उत्तर दिलं. टिकली काढायची राहून गेली. मग आख्यान असं रंगलं, की बोटं कुणाची आणि सूर कुणाचा, हेही तिला उमजेना.

सकाळी पाहते तर सगळा उत्तररंग कंपनीच्या बिलात. नैवेद्याच्या पानात कुणी उष्टा हात घालावा, तसं तिला झालं. तिनं कंपनीच्या वर्द्यांना फोन करून ती वेळ वगळायला सांगितलं.

"वगळता कशाला, मॅडम? इतका खोल आलेख आमच्याकडे कुणाचाच नाही. काय करत होता?"

"कीर्तनात होते."

वर्द्यांनी लगेच हिशेब मांडला. "आमची इतर लिहिणारी मंडळी पण बसवू या तिथं. मन बुडायची सवय लागली, की तेच मन कामाला जुंपता येतं. बुवांना चांगलं मानधन देऊ."

तिनं नाही म्हटलं. वर्द्यांनी परस्पर बुवांना विचारलं.

"अगं, ऐकायला येणाऱ्याला मी कोण अडवणार?" मामा तिला म्हणाले. "येऊ देत लेकरं. कानावर नाम तर पडेल."

लेकरं आली. ओळीनं बसली, ताठ, डोळे मिटून, प्रत्येकाच्या कपाळावर टिकली. कंपनीनं हा वेळही कामात धरला होता: जो जितका बुडेल, तितकं त्याचं बिल. नेहमीची मंडळी मागं खांबांशी सरकली होती. बुवांनी पूर्वरंगातला हुकमी दृष्टांत घेतला. म्हातारीच्या दारी देव जेवायला येतो, भाकरी करपते, ती रडायला लागते. "देव म्हणाला, बाई, करपू दे गं. मीठ तरी घातलंस का?"

इथं मंदिर हसायचंच. आज मागून दोन-तीन म्हातारे हसले. पुढं एकाचाही ओठ हलला नाही. हसलं की मन वर येतं, बिल थांबतं.

बुवांनी घाम पुसला. पेटीकडे झुकून हळूच म्हणाले, "अनू, विनोद शिळा झाला का गं माझा?"

त्याच वेळी, ऑफिसातून कीर्तन ऐकत आलेख पाहणाऱ्या वर्द्यांचा निरोप तिच्या फोनवर उमटला: विनोदाला हसू दाबतानाही आलेख घसरतो आहे. पुढच्या वेळी विनोद गाळायला सांगावं.

या माणसांची, वर्द्यांची आणि त्यांना ही वाट दाखवणाऱ्या स्वतःच्या कपाळाचीही अन्विताला किळस आली. आयुष्यभर लोकांना हसवत देवापाशी नेणारा हा माणूस आज आपल्यामुळे स्वतःच्या कीर्तनावर शंका घेत होता.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घालून झाला. आता श्रोत्यांना बुक्का लावायचा. एरवी हे काम पुजाऱ्यांचं, पण आज ती पेटीवरून उठली.

"द्या, मी लावते," म्हणत तिनं डबी घेतली.

पहिल्या मुलापुढं वाकून तिनं काळा बुक्का अंगठ्यानं टिकलीवर चेपला आणि कडेनं गोल फिरवला. त्या कोळशासारख्या भुकटीनं तांबडा प्रकाश गिळून टाकला. टिकली आंधळी झाली.

"ताई, सेन्सर..." तो पुटपुटला.

"प्रसाद आहे. पुसू नये."

ती ओळीनं सगळ्यांपुढं वाकत गेली. मग स्वतःची टिकली उपटून तिनं पेटीखाली टाकली आणि सूर धरला.

"मामा, भाकरी परत घ्या."

बुवांनी भुवया उंचावल्या, पण घेतली. म्हातारी रडली, देवानं मीठ विचारलं. मग दुसऱ्या ओळीतला एक जाडसा मुलगा फसकन हसला, त्याला बघून शेजारचा, मग मंदिरच हसलं. बुवांचा चेहरा उजळला, चिपळ्या वाजल्या, आख्यान उभं राहिलं.

अन्विताची बोटं पट्ट्यांवर धावू लागली. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक मुलगी तिला दिसली. तीही मनापासून हसत होती, आणि हसता हसताच तिचा रुमाल कपाळाकडे निघाला होता.

घाम पुसायला, की बुक्का?