दोनूसाच्या बोटीवरचा डबा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मोठ्या जावेच्या, कालिरोईच्या बाबतीत घडलेली. विश्वास बसला नाही तर सोडून द्या, पण मी रचून सांगतेय असं म्हणू नका.

अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. भर दुपार होती. सीरोस बेटावरून दोनूसाला जाणारी बोट, आणि समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत.

कालिरोईच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता. पांढऱ्या कापडात बांधलेला.

त्यात तिची आई होती.

आमच्या ग्रीसमध्ये ज्यांची स्वतःची कबर नसते, त्यांना जागा भाड्यानं मिळते. मुदत संपली की हाडं काढायची, वाइननं धुवायची, डब्यात भरायची. अर्गिरोआजीची, म्हणजे कालिरोईच्या आईची, शेवटची इच्छा एकच होती. दोनूसाला, नवऱ्याशेजारी विसावायचं. निघताना पाद्रीबाबांनी बजावलं होतं, "डबा खाली ठेवू नकोस. आणि एकटा सोडू नकोस."

कालिरोईनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

बोट सुटायला आली आणि समोरून झाम्बेता आली. कालिरोईच्या लेकीची होणारी सासू. जहाजमालकाची बायको, गळ्यात मोत्यांचा सर, वाटेतल्या नाक्सोस बेटावर बहिणीकडे निघालेली.

पंचाईत अशी, की लग्न ठरवताना कालिरोईनं हिला थाप मारली होती. आमची घरची संगमरवरी कबर आहे, आई तिथेच आहे म्हणून.

"अगंबाई, विहीणबाई! मांडीवर काय एवढं? लुकूम?"

सीरोसहून निघालेला माणूस गुलाबपाण्याच्या लुकूम मिठाईचा डबा घेतल्याशिवाय बोटीत चढत नाही. कुणालाही तेच वाटलं असतं.

"हो... लुकूमच."

"एवढे? गावजेवण घालताय की काय! सोडा ती गाठ, एक तरी तोंडात टाकू द्या."

"नको, नको... पाहुण्यांसाठी आहेत. खाली ठेवून येते, जड आहे फार."

गाड्या उभ्या करतात तिथे, खाली, प्रत्येक बेटाच्या नावाची एकेक फळी असते. दोनूसाच्या फळीवर, कांद्याच्या पोत्याशेजारी, कालिरोईनं आईला ठेवलं आणि पाठ फिरवली.

ती बाहेर पडली. मागे दिवे गेले. दार बंद झालं.

वर दोघींच्या गप्पा रंगल्या. नवरीचा पोशाख, मेजवानी, कोकरू किती लागेल... कालिरोई हसत होती.

आणि मग...

टक... टक... टक.

पायाखालून.

"ऐकलंत?"

"काय?" झाम्बेतानं विचारलं. "तुमचा चेहरा का उतरला एकदम? मी जरा तोंड धुऊन येते, तोवर कॉफी मागवा."

आवाज थांबला. तो थांबला तेव्हा कालिरोईला जास्त भीती वाटली.

तिनं कुणाला हाकही मारली नव्हती, तरी पोऱ्या दोन कप घेऊन आला.

"मी नाही मागवली."

"आजींनी सांगितलं. लेकीला गोड, मला बिनसाखरेची."

"कुठल्या आजी?"

"काळ्या रुमालवाल्या. म्हणाल्या, खाली फार काळोख आहे, मी लेकीजवळ बसते." त्यानं बाजूच्या खुर्चीकडे पाहिलं. "आत्ता तर इथेच..."

खुर्ची रिकामी होती.

वाइनचा वास येत होता.

कालिरोई जिन्यानं धावत खाली गेली. दाराला कुलूप. बाजूला एक खलाशी.

"मावशी, बोट चालू असताना आत कुणाला सोडत नाही. असं काय राहिलंय आत?"

'माझी आई.' दोनच शब्द. बेटावरचा माणूस तो, ऐकताक्षणी टोपी काढून दार उघडलं असतं त्यानं.

पण मागे जिन्यावर झाम्बेताच्या टाचा वाजल्या.

"लुकूम," कालिरोई म्हणाली.

"घ्या! लुकूम काय पोहून जातायत होय?" खलाशी हसला. झाम्बेताही हसली.

बंद दारापलीकडे कुणीतरी हळूच उसासा टाकला...

शरमेनं तिचे कान तापले. तरीही ती वर जाऊन झाम्बेताशेजारी बसली.

नाक्सोसला उतरताना झाम्बेता म्हणाली, "अहो, मघाशी जिन्यात एक म्हातारी भेटली. काळा रुमाल. तुमच्याकडेच बघत होती. मी विचारलं, तुम्ही कालिरोईच्या कोण?"

"मग?"

"म्हणाली, 'मी कुणी नाही हो.' आणि बाजूला सरकून मला वाट दिली. गोड बाई."

कालिरोईला वाटलं, बोटीनं इथेच आपल्याला गिळावं.

दोनूसाला डबा होता तिथेच होता. गाठही तशीच. फक्त कापड ओलंचिंब झालेलं. तिनं तो छातीशी धरला आणि सगळ्या धक्क्यादेखत हंबरडा फोडला. त्याच संध्याकाळी आईला वडिलांशेजारी ठेवलं. रडायला आता हरकत नव्हती. झाम्बेता तिथे नव्हती ना!

पुढे लग्न थाटात झालं. चर्चच्या पायऱ्यांवर झाम्बेतानं सहज विचारलं, "बोटीवरच्या त्या बाई दिसल्या नाहीत कुठे? तुमच्या ओळखीच्या होत्या ना?"

मी शेजारीच उभी होते. कालिरोईचे ओठ हलले. वाटलं, आता सांगेल.

"कोण बाई?" ती म्हणाली.

कालिरोई आजही शपथेवर सांगते, त्या क्षणी तिच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं... तिनं वळून पाहिलं नाही.

मी पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. पण वाइनचा वास मलाही आला.