हललेला फोटो

तिने दार ढकललं आणि आतून एकच शब्द आला, "गेला!"

ती उंबऱ्यातच थबकली. एका हातात निथळती छत्री, दुसऱ्या हातात नमुन्यांची डबी. खोलीत अंधार होता. पडद्याच्या हिरवट उजेडात एक माणूस कपाळाला हात लावून बसला होता.

"काय गेला?"

"फोटो. दारावर लाल दिवा असतो. तो लागलेला असताना दार उघडायचं नसतं."

"दिवा लागलेला नव्हता."

"मी स्वतः लावलाय."

"मग स्वतःच बाहेर येऊन बघा."

तो आला. बल्ब उडाला होता. त्याने बल्ब काढून कानाशी हलवून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग छत्रीखाली साचलेल्या थारोळ्याकडे.

"बरं… चूक बल्बची. पण हे तळं तरी तुमचंच ना?"

ओळख झाली ती अशी.

ती सोन्याचे नॅनोकण बनवायची. हे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत काही हजार कण दाटीवाटीने मावतील. त्यांच्यावर औषध चढवायचं आणि जे जिवाणू नेहमीच्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत, त्यांच्या भिंतीपलीकडे ते पोचवायचं, हे तिचं काम. शेजारच्या खोलीतली मंडळी तसेच कण कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहत होती. पण कण खरोखर आत गेले की भिंतीलाच चिकटून बसले, हे दाखवणारं यंत्र सगळ्या इमारतीत एकच होतं. तळघरातला हा जुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आणि तो चालवणारा माणूसही एकच.

वरच्या प्रयोगशाळेतल्या मुली त्याला मौनीबाबा म्हणायच्या. फोटो घेताना तो उजव्या हाताचं बोट वर करायचा. बोट वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. इतकं मोठं करून पाहताना शेजारी कुणी नुसतं बोललं तरी चित्र थरथरतं. शिवाय नमुन्याच्या एकाच जागेवर किरण जास्त वेळ राहिला, की ती जागा जळून जाते. म्हणजे चांगली जागा मिळाली की संधी बहुतेक एकदाच.

"वर तुम्हाला काय म्हणतात, माहीत आहे?" दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत तिने विचारलं.

"मौनीबाबा. आणि तुम्हाला काय म्हणतात, ते माहीत आहे?"

"मला? मला कुठे काय म्हणतात?"

"म्हणतात की."

"काय?"

त्याने बोट वर केलं. ती गप्प. बोट खाली आलं.

"सांगा ना, काय म्हणतात?"

बोट पुन्हा वर. या वेळी यंत्र फोटो घेतच नव्हतं, हे तिला पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी ती गप्प राहिली. आपण का गप्प राहिलो, याचा विचार तिने जिना चढताना केला, आणि वरच्या मजल्यावर पोचल्यावर तो सोडून दिला.

ती आत्याकडे राहायची. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जखम चिघळली होती. दोन औषधं वाया गेली, तिसरं चालू होतं. पण आत्याची जीभ ठणठणीत होती.

"काय गं सोनारीण, एवढं सोनं घडवतेस, अंगावर घालायला गुंजभर नाही दिलंस. निदान जखमेवर तरी घाल!"

"आत्या, ते माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं आहेत. आत्ता काचेच्या बशीत चाललंय. मग उंदीर. मग—"

"म्हणजे माझा नंबर उंदरांच्या मागे! बरं, मौनीबाबा आज काय म्हणाला?"

"तो बोलत नाही गं फारसं."

"मग एवढा वेळ खाली बसून तू ऐकतेस काय?"

तिने उशी सारखी केली आणि औषधाची वेळ झाल्याचं सांगितलं. वेळ झाली नव्हती.

बोलणं व्हायचं ते पाऊस जोरात आला की. यंत्राच्या खोलीमागे पत्र्याचा आडोसा होता. त्यावर सर वाजायला लागली की फोटो घेता यायचा नाही. मग दोघं खोलीबाहेरच्या बोळात उभं राहून थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने चहा प्यायची.

"कंटाळा नाही येत? दिवसभर अंधारात?"

"वर सगळे म्हणतात, आमचं औषध पोचलं, आमचं औषध पोचलं. इथे पोचलं असेल तरच दिसतं. मला ते बरं वाटतं."

"आमचं तर अजून एकदाही दिसलं नाही."

"दिसेल."

"कशावरून?"

"तुम्ही दर वेळी स्वतःच म्हणता, नाही दिसलं. असं म्हणणारी माणसं मी कमी पाहिलीत."

पाऊस थांबू नये असं तिला वाटलं. लगेच थांबला.

मग एक दिवस बाईंनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, तिला बोलावून सरळच सांगितलं. आढावा समिती येणार. कण जिवाणूच्या आत गेल्याचा स्वच्छ फोटो दाखवता आला तर काम पुढे. नाही तर बंद. दुसऱ्या शहरातल्या एका औषध कंपनीने तिला आधीच विचारून ठेवलं होतं.

हे तिने तळघरात सांगितलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "चांगली नोकरी आहे."

"हो, चांगलीच आहे!" ती म्हणाली आणि दार जरा जोरात लावून गेली.

समितीच्या आदल्या दुपारी ती शेवटचा नमुना घेऊन आली. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर जिवाणूंचे पातळ काप. एकेका चौकोनात शोध सुरू झाला. रिकामा. फाटलेला. भिंतीला चिकटलेले कण, आत काही नाही. पुन्हा रिकामा. दोघंही कामापुरतंच बोलत होती.

आणि मग तो दिसला. लांबट, अखंड जिवाणू. त्याची भिंत रेखल्यासारखी स्पष्ट, आणि भिंतीच्या आत काळ्याभोर ठिपक्यांचा घोळका. सोनं!

तिने खुर्चीची कड घट्ट धरली. त्याने चित्र नीट स्थिरावू दिलं. बोट वर केलं.

शांतता.

"तू गेलीस तर मला नाही चालणार," तो म्हणाला.

बोट अजून वरच होतं.

पडद्यावर फोटो उमटला. प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक पुसट रेघ. भिंत दुहेरी. सगळं हललेलं.

"बोट वर होतं!" ती ओरडली.

"माहीत आहे."

"आणि तुम्ही बोललात? तुम्ही? इतरांना श्वास घेऊ देत नाही आणि—"

"तोंडातून निघून गेलं."

"पुन्हा घ्या. तीच जागा."

त्याने पाहिलं. नमुन्याला तिथे भोक पडलं होतं. "जळली," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, ते तपासत बसायला वेळ नव्हता. "पुढचा चौकोन," ती म्हणाली.

पाच वाजता यंत्र बंद करायची वेळ झाली, त्याने वर फोन करून जादा वेळाची परवानगी घेतली. कोपऱ्यातल्या चौकोनात एक जिवाणू सापडला. तुटका, काही देखणा नव्हे. बाहेर बरेच ठिपके. आत दोन. पण दोन होते.

बोट वर गेलं. या वेळी त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. त्या अवस्थेतही तिला हसू आलं, आणि ते तिने फोटो उमटेपर्यंत आवरून धरलं.

फोटो स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी समितीने तो फोटो बराच वेळ पाहिला. "दोनच?" एका सदस्याने विचारलं. "दोनच," ती म्हणाली. "आणखी होते, पण ते मी दाखवू शकत नाही." बाईंनी भुवया उंचावल्या. समितीने आपापसात कुजबुज केली आणि एक वर्ष दिलं. वर्षभरात पुन्हा असेच फोटो आणा, मग बघू.

ती जिना उतरून खाली आली. दारावरचा दिवा लागलेला होता. आज बल्ब नवा होता. ती बाहेरच उभी राहिली, दिवा विझेपर्यंत. मग आत गेली.

तो उठून उभा राहिला. "काय झालं?"

तिने उजव्या हाताचं बोट वर केलं.

तो थिजल्यासारखा उभा. श्वासही घेत नव्हता. तिने त्याला तसंच ठेवलं, जरा जास्तच वेळ. मग बोट खाली घेतलं.

"एक वर्ष मिळालं."

त्याने श्वास सोडला. "आणि… कंपनी?"

"दुपारीच नाही म्हणून कळवलं. मला काय म्हणतात, ते अजून कळायचंय."

"गुलाबजल," तो म्हणाला. "वर तुम्ही सगळ्यांना सांगता ना, माझ्या बाटलीतलं सोन्याचं पाणी हलवू नका, गुलाबी आहे तोवर ठीक, निळं झालं की कण गेले."

"तुम्ही? काल तर 'तू' होतं!"

तो लाजला, आणि लपवायला अंधार पुरला नाही. "कालचा तो हललेला फोटो… मी पुसून टाकतो. त्यात काहीच दिसत नाही."

"हात लावून तर बघ."

"अगं, नुसत्या रेघा आहेत."

"असू देत. तू काय म्हणालास, ते त्याच फोटोत आहे," ती म्हणाली. "आणि आता पुन्हा म्हण. या वेळी यंत्र बंद आहे."

जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या खोलीतलं कुणीतरी नमुना घेऊन येत होतं. त्याने भिंतीवर हात नेऊन बटण दाबलं.

बाहेर दारावर लाल दिवा लागला.